ऑफिस-दुकानाची सेफ्टी तपासणी स्वतः कशी करायची: जुगाड शोधत फिरा

उद्या इन्स्पेक्टर येतोय असं कळलं की कुठल्याही दुकानात किंवा ऑफिसात एकच धावपळ. जिन्यातले खोके उचलून बाथरूममध्ये कोंबले जातात, आग विझवायच्या सिलेंडरवरची धूळ पुसली जाते, फर्स्ट एडचा डबा कुठेय ते कोणालाच आठवत नाही, शेवटी तो बॉसच्या कपाटात सापडतो आणि त्यात एक गंजलेली कात्री आणि दोन वर्षांपूर्वी एक्सपायर झालेलं मलम. इन्स्पेक्टर येऊन जातो, दुसऱ्या दिवशी खोके परत जिन्यात. आता इन्स्पेक्टर फसला की नाही ते सोडा, जिना अडलेलाच राहिला ना.

मी बरीच वर्षं तपासणीचे राऊंड मारतोय. सुरुवातीला छापील चेकलिस्ट घेऊन फिरायचो, हो-नाही-हो-नाही टिक करत, पानंच्या पानं भरायची पण हाताला काही लागायचं नाही. मग हळूहळू लक्षात आलं की माणसं काम करताना जिथे अडतात तिथे काहीतरी जुगाड करतात, आणि तो जुगाड एका दिवसात लपवता येत नाही, कारण त्याच्याशिवाय त्यांचं काम चालत नाही. एसीच्या जाळीवर पुठ्ठा चिकटवलाय म्हणजे खाली बसणाऱ्याच्या मानेवर दिवसभर गार हवा येतेय. आपोआप बंद होणारा दरवाजा पाचर मारून उघडा ठेवलाय म्हणजे तिथून सारखा माल आत-बाहेर होतोय आणि हात मोकळे नाहीत. खुर्चीवर स्टूल ठेवलंय म्हणजे शिडी एकतर नाहीच किंवा तीन मजले खाली कुलपात आहे. तेव्हा जुगाड दिसला की तिथे थांबा, कोणी केला हे विचारू नका, का करावा लागला हे विचारा. निम्मी तपासणी इथेच होते.

आधी थोडं इन्स्पेक्टरबद्दल

कारखान्यांची तपासणी म्हटलं की लोकांना पटतं, पण ऑफिस-दुकानात काय मशीन नाही काही नाही, तिथे कसली सेफ्टी, असा सूर असतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेला तसं वाटलं नव्हतं. १९६४ साली त्यांनी खास दुकानं आणि ऑफिसं ह्यांच्यासाठी वेगळा करार केला, १२० नंबरचा, आणि त्यात स्वच्छता, हवा, उजेड, तापमान, प्यायचं पाणी, संडास, बसायला जागा, तळघरातली कामाची जागा, आवाज, फर्स्ट एड सगळं घेतलंय. वाचताना मजा वाटते कारण साठ वर्षांनंतरही राऊंडमध्ये सापडतात त्या ह्याच गोष्टी. २०२२ मध्ये तर सुरक्षित कामाची जागा हा कामगारांच्या मूलभूत हक्कांपैकी एक असं ह्याच संघटनेने ठरवून टाकलं.

इन्स्पेक्टर कोण हे देशागणिक बदलतं, कुठे नगरपालिकेचा माणूस, कुठे कामगार खात्याचा, आगीचं बहुतेक ठिकाणी फायर ब्रिगेडकडे, त्यामुळे तुमच्याकडे कोण येऊ शकतं ते एकदा माहिती करून घ्या. पण त्यांच्या अधिकारांचा ढाचा बऱ्याच ठिकाणी सारखा आहे कारण तो ह्याच संघटनेच्या १९४७ च्या ८१ नंबरच्या करारातून आलाय. न सांगता, दिवसा-रात्री कधीही, तपासणीखाली येणाऱ्या जागेत शिरता येतं. कोणाशीही, मालक समोर नसताना सुद्धा, बोलता येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तक्रार कोणी केली हे सांगायचं नाही, इतकंच नाही तर तक्रारीवरून आलोय हे सुद्धा कळू द्यायचं नाही. म्हणून इन्स्पेक्टर आल्यावर कोणी तक्रार केली हे शोधत बसणारे मालक बघितले की हसू येतं, अहो तो कदाचित नुसताच यादीतलं पुढचं नाव म्हणून आला असेल.

कधी जायचं, कोणाला घेऊन जायचं

राऊंड शांत वेळी मारू नका. सकाळी उघडल्या उघडल्या सगळं जागच्या जागी असतं, तिथे बघण्यासारखं काहीच नसतं. दुकान असेल तर सगळ्यात गर्दीची वेळ आणि मग परत एकदा बंद करायच्या अर्धा तास आधी, कारण लाद्या पुसणं, हिशोब, कचरा, शटर ओढणं हे सगळं तेव्हाच चालू असतं आणि घाई असते. ऑफिसात माल किंवा पार्सल येतं तो तास, आणि संध्याकाळी साफसफाईवाले येतात तो.

सोबत मॅनेजर नको. म्हणजे असू दे, पण मागे. पुढे त्या जागेवर रोज काम करणारा माणूस पाहिजे, गोडाऊनवाला, काऊंटरवरची मुलगी, सफाईवाल्या मावशी. हातात मोबाईल, टॉर्च, मोजायची टेप, वही. बस.

आणि रस्ता असा धरा की तीन वेळा चालणं होईल. एकदा गिऱ्हाईक किंवा पाहुणा जसा आत येतो तसं, एकदा माल जसा गाडीतून उतरून रॅकपर्यंत जातो तसं, आणि एकदा कचरा जसा बाहेर जातो तसं. पहिल्या फेरीत सगळं चकाचक दिसतं, दुसरीत घाम फुटतो आणि तिसरीत ज्या जागा दिसतात त्या मालकाने पण वर्षभरात पाहिलेल्या नसतात.

बाहेर पडायचे रस्ते

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. बाकी काही राहिलं तरी चालेल, हे राहता कामा नये.

१ ऑगस्ट २००४ ला पॅराग्वेच्या राजधानीत, असुन्सिओनला, एका मोठ्या सुपरमार्केटला रविवारच्या गर्दीत आग लागली आणि लोक पैसे न देता पळून जातील म्हणून दरवाजे बंद केले गेले. शेकडो माणसं गेली. चोरीची भीती आणि आगीची भीती ह्यांचं भांडण प्रत्येक दुकानात असतं आणि रोजच्या दिवसात चोरीची भीती जिंकते, कारण चोरी दर आठवड्याला होते आणि आग आयुष्यात एकदा. म्हणून मागच्या दाराला साखळी लागते. ही साखळी म्हणजे पण जुगाडच, आणि तो काढायचा असेल तर आधी चोरीचा प्रश्न सोडवावा लागेल, नाहीतर तुम्ही गेलात की साखळी परत. आतून ढकललं की उघडणारा आडवा दांडा आणि उघडल्यावर ठणाणा करणारा अलार्म, ह्याने दोन्ही कामं होतात.

तपासायचं कसं, तर बघून नाही, करून. सगळ्यात आतल्या कोपऱ्यात उभे राहा आणि बाहेरपर्यंत चालत जा, मध्ये येणारा प्रत्येक दरवाजा स्वतःच्या हाताने उघडा. किल्ली लागली? मग तो आणीबाणीचा दरवाजा नाहीच, ती भिंत समजा. एका ऑफिसात मला अभिमानाने सांगितलं होतं की इमर्जन्सी दरवाजाची किल्ली अगदी सेफ आहे, ॲडमिनच्या साहेबांकडे असते. साहेब कुठेत, तर रजेवर. दरवाजा बाहेरच्या बाजूला उघडतो का ते बघा, कारण गर्दी दाराला चिकटली की आत ओढायचं दार उघडत नाही. आणि दार उघडून बाहेर पाऊल टाकल्याशिवाय परत फिरू नका. बऱ्याचदा दार मस्त उघडतं आणि पलीकडे कोणाची तरी बाईक असते, किंवा बंद अंगण जिथून पुढे रस्ताच नाही.

मग दिवे घालवून तेच परत करा. इमर्जन्सी लाईटला छोटं टेस्ट बटण असतं, ते दाबून धरा, नुसता लुकलुकून विझला तर बॅटरी गेलेली. बाण आणि हिरव्या पाट्या बघताना तुमच्या उंचीवरून तर बघाच पण थोडं वाकूनही बघा, कारण धूर वर जातो आणि पाटी छताजवळ असते.

आग विझवायचे सिलेंडर. पावडरवाल्याला गेज असतं, काटा हिरव्यात पाहिजे, पिन आणि सील जागेवर पाहिजे, नळी फाटलेली नको, आणि त्याच्यासमोर स्टॉक रचलेला नको. कार्बन डायऑक्साईडवाल्याला गेज नसतंच, त्यामुळे काटा दिसत नाही म्हणजे खराब असं लिहू नका (मी एकदा लिहिलं होतं, सगळे हसले होते), तो भरलेला आहे का हे वजन करूनच कळतं, रिकाम्याचं आणि भरलेल्याचं वजन त्याच्यावर कोरलेलं असतं. इलेक्ट्रिकच्या पॅनलजवळ पाण्याचा किंवा फोमचा ठेवलाय का ते बघा, तिथे कार्बन डायऑक्साईडवाला पाहिजे. आणि मग तिथल्या कोणालाही विचारा की हा वापरायचा कसा. गप्प बसले तर वहीत लिहा. एक गोष्ट त्यांना नक्की सांगा, हातात धरायचा सिलेंडर काही सेकंदांत संपतो, कचऱ्याच्या डब्याएवढी आग असेल तर वापरा, त्यापेक्षा मोठी झाली की दार लावून पळा.

हल्ली नवीन भर म्हणजे इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटऱ्या. जिन्याखाली प्लग असतो म्हणून लोक तिथेच चार्ज करतात, आणि लिथियम बॅटरी पेटली तर जो बाहेर पडायचा रस्ता तोच आगीचा. हा शेरा वरच्या ओळीत जायला पाहिजे.

वीज

एक्स्टेंशन बोर्डाला एक्स्टेंशन बोर्ड हा जगातला सगळ्यात कॉमन जुगाड. मुळात भिंतीत प्लग कमी आहेत हे त्याचं भाषांतर. बोर्डावर किती अँपिअर लिहिलंय ते वाचा, २३० व्होल्टला ६ अँपिअरचा बोर्ड म्हणजे साधारण १४०० वॉट, आणि पाणी उकळायची किटली एकटीच १५०० ते २००० खाते, त्यात कोणी पायाशी हीटर लावला की झालंच. प्लगला हात लावून बघा, गरम लागला किंवा पिवळा-तपकिरी पडला असेल तर तो आजच काढायचा, रिपोर्टची वाट बघायची नाही.

वायर कशाखाली दबलेली आहे ते शोधा. १९७९ च्या मे महिन्यात मँचेस्टरमधल्या एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरला आग लागून १० जण गेले, तिथे कारण बहुधा खराब झालेली वायर होती आणि तिच्यावर सोफे-फर्निचर रचून ठेवलेलं, त्या सोफ्यांतल्या फोमचा धूर इतका भराभर पसरला की माणसांना हलायला वेळच मिळाला नाही. म्हणून रॅकच्या मागे टॉर्च मारा, कार्पेट उचला, दरवाज्याच्या फटीतून गेलेली वायर बघा.

मेन पॅनलसमोर साधारण मीटरभर जागा मोकळी पाहिजे आणि प्रत्येक स्विचखाली कशाचा आहे ते लिहिलेलं पाहिजे. तिथे झाडू, पोस्टर, जुने हिशोब ठेवायला लोकांना का आवडतं देव जाणे. शॉक लागताना वीज तोडणारा जो स्विच असतो, ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात तो, त्याचं टेस्ट बटण दाबून बघा (कॉम्प्युटरवाल्यांना आधी सांगून, नाहीतर तुमच्या नावाने ओरडा होईल). दाबल्यावर पडला नाही तर तो नुसता शोभेला आहे.

पडणं, आदळणं, उचलणं

आगीच्या गोष्टी भारी वाटतात पण ऑफिस-दुकानात रोज माणूस जखमी होतो तो घसरून, अडखळून, पडून आणि जड उचलून. इथे नाट्य नसतं म्हणून कोणी लिहित नाही.

फरशी बघताना विचारा की कोण कुठे घसरलं होतं. सगळ्यांना जागा माहीत असते, पाण्याच्या मशीनसमोर, पावसात दाराशी, फ्रीजच्या खाली. ओली फरशी अशी पिवळी पाटी कायम उभी असेल तर तो पण जुगाडच की, गळती दुरुस्त करायच्या ऐवजी पाटी लावली. पायपुसण्याचे कोपरे वर आलेत का, जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत का, टेपने मोजा, एक पायरी बाकीच्यांपेक्षा सेंटिमीटरभर कमी-जास्त असली तरी पाय फसतो कारण पाय बघून टाकत नाही आपण, सवयीने टाकतो.

पोटमाळा असेल तर वर चढाच. दुकानांचे पोटमाळे म्हणजे वेगळं जग, कठडा नाही, शिडी तिरकी-बिरकी, छत डोक्याला लागतं, आणि वर किती वजन ठेवायचं हे कोणालाही माहीत नाही. कडेला कठडा आणि खाली पट्टी पाहिजे म्हणजे माल गडगडून खाली उभ्या माणसाच्या डोक्यात पडणार नाही. शिडी लावताना चारास एक, म्हणजे चार मीटर उंचीला पाया एक मीटर बाहेर, आणि वरच्या मजल्यावर उतरायचं असेल तर शिडी तिथून मीटरभर वर आलेली पाहिजे, धरायला काहीतरी लागतं ना. पायरी हलतेय का, रबराचे बूट झिजलेत का ते बघा. तुटकी शिडी सापडली तर तिला बाजूला ठेवून उपयोग नाही, कोणीतरी गरज पडली की घेतंच, तोडून टाका.

रॅक भिंतीला किंवा एकमेकांना बांधलेले आहेत का ते हलवून बघा, हळू. जड माल कमरेच्या उंचीला, हलका वर, क्वचित लागणारा खाली. प्रत्यक्षात उलटं असतं कारण नवीन माल जागा मिळेल तिथे जातो. छतात स्प्रिंकलर, म्हणजे आग लागली की पाणी फवारणारे नळ, असतील तर त्याच्याखाली अर्धा मीटर मोकळं, नाहीतर पाणी खोक्यांवर अडतं. एका माणसाने जास्तीत जास्त किती उचलावं ह्याचा अंदाज यायला कामगारांच्या सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या निऑश संस्थेचा एक आकडा लक्षात ठेवा, २३ किलो, तो पण सगळं अगदी आदर्श असताना, खोका अंगाजवळ, कमरेच्या उंचीला, न वळता, धरायला कान असताना. जमिनीवरून उचलून खांद्याच्या वर ठेवायचं असेल किंवा दिवसात शंभर वेळा करायचं असेल तर तो आकडा झपकन खाली येतो. एका ठिकाणी मी खोके किती जड म्हणून विचारलं तर म्हणाले काही जड नाही, मग वजनकाट्यावर ठेवला तर ३१. सवयीने जड वाटत नाही इतकंच, कंबर हिशोब ठेवते.

हवा, उजेड, बसणं

ऑफिसवाल्यांनी इथे लक्ष द्या. दुपारी तीनला मीटिंग रूममध्ये सगळे जांभया देत असतील तर नेहमी जेवणाचा दोष नसतो. कार्बन डायऑक्साईड मोजायचं छोटं यंत्र मिळतं, बाहेरच्या हवेत ते ४२० पीपीएमच्या (दहा लाखात इतके भाग) आसपास दाखवतं, आत ८०० च्या खाली असेल तर छान, आणि सारखं १५०० च्या वर जात असेल तर ताजी हवा येतच नाहीये. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवून गार करतो, बाहेरची आणत नाही, हे कितीतरी लोकांना खरंच माहीत नसतं, एसी आहे म्हणजे व्हेंटिलेशन आहे असं धरून चालतात.

उजेड लक्समध्ये मोजतात, त्यासाठी मोबाईलचं लक्स ॲप अंदाजाला पुरे. युरोपातल्या स्टँडर्डप्रमाणे वाचा-लिहायच्या टेबलावर ५०० लक्स, जिन्यात आणि पॅसेजमध्ये १००. टेबलावर कमी पडत असेल तर तिथे बसणाऱ्याने स्वतःचा टेबललॅम्प आणलेला दिसेलच, परत जुगाड.

स्क्रीन हाताच्या अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत. लॅपटॉपखाली पुस्तकांची चळत दिसली तर त्या माणसाला शाबासकी द्या आणि त्याला स्टँड आणि वेगळा कीबोर्ड द्या, कारण लॅपटॉप उंच केला की हातही वर जातात आणि मानेचं दुखणं खांद्यात येतं. जागा किती हवी ह्याचं जुनं माप ब्रिटनच्या १९६३ च्या ऑफिस आणि दुकानांच्या कायद्यात होतं, माणशी ४० चौरस फूट. टेप लावून बघा तुमच्याकडे किती भरतात.

आणि दुकानात बसायचं. त्या १९६४ च्या करारात स्पष्ट आहे की पुरेशा बसायच्या जागा द्या आणि त्या वापरायची संधी पण द्या. ब्रिटनमध्ये १८९९ लाच दुकानातल्या बायकांसाठी तिघींमागे एक बसायची जागा असा कायदा झाला होता, केरळात २०१८ साली कायदा बदलून बसायचा हक्क आला. त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा, वापरायची संधी. खूप दुकानांत स्टूल असतं, पण बसलेलं दिसलं की सुपरवायझर डोळे वटारतो. म्हणून स्टूल आहे का हे बघू नका, त्याच्यावर धूळ आहे का ते बघा.

बाकीचं भराभर

सफाईचं सामान ठेवायचं कपाट उघडा. कोल्ड्रिंकच्या बाटलीत फिनेल-ॲसिड भरलेलं असेल तर तिथल्या तिथे फेकायला सांगा, कोणीतरी पाणी समजून तोंडाला लावतं. ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड शेजारी-शेजारी नको, एकत्र झाले की क्लोरीन गॅस होतो आणि छोट्या संडासात दार लावून घासणाऱ्या मावशींना पळायला पण जागा नसते, आणि लक्षात घ्या की दोन्ही एकत्र घातलं की जास्त चकचकीत निघतं असा ठाम समज आहे, त्यामुळे हे तोंडाने सांगायला लागतं, पाटीने होत नाही. पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली ते विचारा, कोमट साचलेल्या पाण्यात, २० ते ४५ डिग्रीच्या मध्ये, लिजिओनेला नावाचा जंतू वाढतो, न वापरलेले शॉवर आणि नळ ह्यात मोडतात. जनरेटर बंद खोलीत किंवा खिडकीखाली असेल तर लाल रेघ मारा, त्याच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साईडला ना वास ना रंग. फर्स्ट एडचा डबा उघडून तारखा वाचा, आणि तो कुलपात असेल तर कुलूप काढा.

बोलणं

दिसणाऱ्या गोष्टी झाल्या की माणसांशी बोला, एकेकट्याने. इथे काही धोका आहे का असं विचारलं तर नाही साहेब सगळं ठीक असंच उत्तर येणार. त्यापेक्षा असं विचारा, नवीन आलेल्या पोराला पहिल्या दिवशी तुम्ही काय सांगता? मग बघा, ती चौथी पायरी सांभाळून, त्या फ्रीजला ओल्या हाताने हात लावू नको, तो अमुक गिऱ्हाईक आला की वाद घालू नको. सगळी यादी त्यांच्याकडे तयार असते. शेवटचं विसरू नका, काऊंटरवर शिव्या खाणं, अंगावर धावून येणं, रात्री एकट्याने कॅश घेऊन शटर ओढणं हे सुद्धा सेफ्टीतच येतं, आणि बायका कुठल्या जागा टाळतात, कुठे एकटं जात नाहीत, हे वेगळं विचारा.

लिहायचं कसं

त्याच दिवशी लिहा. वायरिंग व्यवस्थित करणे, स्वच्छता राखणे असले शेरे म्हणजे कागदाचा खर्च. असं लिहा: "मागच्या जिन्यात पहिल्या वळणावर ९ खोके, रस्ता ४० सेंटिमीटर उरलाय. कारण मंगळवारी माल येतो तेव्हा गोडाऊन भरलेलं असतं. उपाय, माल दोन खेपांत मागवणे. कोण बघणार, कधीपर्यंत." जागा, माप, कारण, माणूस, तारीख. फोटो जोडा. कारण लिहिलं नाही तर खोके उचलले जातात आणि मंगळवारी परत येतात.

कुठलं आधी हे ठरवायला दोनच प्रश्न, झालं तर किती वाईट होईल आणि व्हायची शक्यता किती. दोघांना १ ते ५ मार्क देऊन गुणाकार करायची पद्धत आहे, ती बरी आहे पण आकड्यांवर फार भांडू नका, मी दोन मॅनेजरना १२ की १५ ह्यावर अर्धा तास वाद घालताना पाहिलंय आणि तेवढ्यात ते काम करून झालं असतं. उपाय निवडताना क्रम असा ठेवा: धोकाच काढून टाकता येतो का, नाहीतर त्याच्या जागी कमी धोक्याचं काही वापरता येतं का, नाहीतर मध्ये काही आडवं लावता येतं का, मग कामाची पद्धत बदला, आणि हातमोजे-बूट सगळ्यात शेवटी. बहुतेक रिपोर्ट उलटे सुरू होतात, पहिलीच ओळ कर्मचाऱ्यांनी काळजी घ्यावी.

आणि खरा इन्स्पेक्टर आला की

ओळखपत्र बघायला मागा, त्यात राग मानण्यासारखं काही नाही. बसवून चहापाण्यात वेळ काढू नका, सरळ फिरवा. तुमची वही दाखवा, त्यातले न झालेले शेरे सुद्धा. लोकांना वाटतं की आपणच लिहिलेली चूक दाखवली तर अडकू, पण ८१ नंबरच्या करारात इन्स्पेक्टरला खटल्याऐवजी ताकीद आणि सल्ला द्यायची मोकळीक आहे, आणि ज्याच्या वहीत तारखा पडलेल्या आहेत, निम्मी कामं झालेली आहेत, त्याच्याशी तो वेगळं बोलतो हे मी खूपदा पाहिलंय. मात्र एखादी जीवघेणी गोष्ट वहीत वर्षभर तशीच पडून असेल तर ती वही तुमच्याच विरुद्ध जाते, तेवढं लक्षात असू द्या. समजलं नाही तर विचारा की हे कायद्याने लागतं की तुमचा सल्ला आहे, दोन्ही ऐका पण वेगवेगळं लिहून ठेवा.

नोटीस साधारण दोन तऱ्हेची असते, एकात अमुक तारखेपर्यंत सुधारा असं असतं आणि दुसरीत हे काम किंवा ही जागा आत्ता बंद. दुसरी मिळाली तर त्या क्षणी बंद, अपील नंतर. मुदतीत होणार नसेल तर शेवटच्या दिवशी फोन करण्यापेक्षा आधीच लेखी कळवा आणि काय झालंय त्याचे फोटो जोडा. नोटिशीची एक कॉपी कामगारांना दिसेल अशी लावा. आणि पुढच्या मंगळवारी, माल उतरत असताना, मागच्या जिन्यात परत एक चक्कर मारा.